मोकळी तार

"आधी हात ठेवा, ताई. कान मंग."

कोणत्याही आवाजाशी ओळख करून घेण्याची शेजारच्या भाऊंची हीच रीत होती. डोळे अर्धवट मिटायचे, उजव्या हाताचा तळवा पुढे करायचा आणि समोर जे असेल त्यावर तो अलगद टेकवायचा. मग ते स्पीकरचे लाकडी खोके असो, शिवणयंत्राचा पाट असो की आमच्या दोन घरांमधली सामाईक भिंत असो. एखाद्या लेकराचा ताप पाहावा तसा तो स्पर्श असे. क्षणभर थांबून ते हसत आणि म्हणत, "बोलून राह्यलं." म्हणजे, बोलते आहे.

ही सवय त्यांना खांबांनी लावली होती. टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कापसाच्या शेतांच्या कडेने, तारांचे खांब उभे असत. वारा सुटला की त्यांच्या अंगात एक गुणगुण भरे. ती कानाला ऐकू येण्याआधी तळव्याला कळते, असे ते सांगत. पुढे तारा गेल्या, खांब गेले, नोकरीही संपली. गुणगुण मात्र त्यांनी घरी आणून ठेवली होती. चार जाड तारांच्या एका काळ्या वाद्यात.

बेस गिटार तुम्ही पाहिला असेल. खरे तर पाहिला नसेल. लग्नाच्या किंवा जयंतीच्या ऑर्केस्ट्रात आपले डोळे गायिकेच्या साडीवर असतात, ढोलकीवाल्याच्या मनगटांवर असतात. मागे पडद्याला चिकटून एक माणूस उभा असतो आणि गाण्याच्या पायाखालची जमीन अंथरत असतो. जमिनीकडे कोण पाहते? त्यांना मात्र लोकांच्या या न पाहण्याची मौज वाटे. एखादा वऱ्हाडी मंचाजवळ येऊन विचारी, "काऊन भाऊ, चारच तारा? दोन तुटल्या का?" आणि ते गंभीर चेहऱ्याने उत्तर देत, "तुटल्या नाई गा. त्या दोन इकून चहा पेलो."

वर्ध्याच्या नालवाडीतल्या आमच्या घराची स्वयंपाकघराची भिंत म्हणजे त्यांच्या समोरच्या खोलीची भिंत. संध्याकाळी ते रियाजाला बसले की आवाज असा काही येत नसे. ओट्यावर ठेवलेल्या पितळी गडव्यातले पाणी थरथरे, त्यावर वर्तुळे उमटत, आणि कणिक मळताना माझ्या मनगटांत एक संथ, गोड जडपणा उतरत जाई. कवितेच्या ओळी मला पुष्कळदा त्या भिंतीतून मिळाल्या. शब्द नंतर आले, चाल आधी.

सारी नालवाडी त्यांना भाऊ म्हणे आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. वहिनी त्याच ऑर्केस्ट्रात गात. उंच, पातळ काचेसारखा आवाज, आतून उजेड दिसावा असा. त्यांची सगळी गाणी काळी चारमध्ये बांधलेली होती. पेटीवरच्या ज्या काळ्या पट्टीला त्या आपला 'सा' मानत तिचे हे नाव. वहिनी ते स्वतःच्या माहेरच्या नावासारखे उच्चारत. मंचावर सूर घेण्याची त्यांची एक खूण होती. त्या मान वळवून भाऊंच्या डाव्या हाताकडे पाहत. बेसच्या मानेवर पांढरे ठिपके असतात, त्यांतल्या पहिल्या दोन ठिपक्यांच्या मधल्या घरात भाऊंचे बोट टेकले की वहिनींचा सूर उमटे. लग्नानंतरच्या पहिल्या कार्यक्रमापासून हे असेच चालत आले होते. बोट आणि सूर यांमध्ये शब्द कधी आला नाही.

रविवारी सकाळी भाऊंच्या अंगणात बेसवाल्यांची बैठक भरे. एक पुलगावचे, एक रोहण्याचे. एकमेकांना ते गावाच्याच नावाने हाका मारीत. रोहणेवाले शेतकरी, बोटांना कपाशीच्या बोंडांचे ओरखडे. पुलगाववाले हौशी, घड्याळापासून बुटांपर्यंत सारे चकचकीत. तिघांचे बोलणे तारांवर सुरू होई आणि तारांवरच संपे. निकेलच्या बऱ्या की स्टीलच्या? लाकूड जड हवे की हलके? जुन्या सिनेगीतांचे तर ते वेगळेच ऐकत. गाणे कोणी गायले हे विसरलेले असे. कडव्याआधी बेस कसा पायऱ्या उतरतो, हे मात्र तिघेही तोंडाने वाजवून दाखवीत. डुम्, डुडुम्, डुम्. आणि मग तिघेही पेरूच्या झाडाकडे पाहत बसत, जणू तो सूर पानांत कुठेतरी अजून हलतो आहे.

जुन्या तारा उकळून घ्याव्यात, त्यांचा मळ निघतो आणि आवाज पुन्हा कोवळा होतो, असे पुलगाववाल्यांचे ठाम मत होते. एकदा त्यांनी वहिनींच्या गंजात, म्हणजे वरणाच्या पातेल्यात, तारा उकळत ठेवल्या. वहिनी बाहेरून आल्या, झाकण उचलून पाहिले आणि दारातूनच म्हणाल्या, "पुलगाव, हे का शेवया होय का? संगं गूळ देऊ का?"

"वहिनी, पाच मिनिटं. तारा तरण्या होऊन राह्यल्या."

"मंग यायलेबी टाका थ्या गंजात," भाऊंकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. त्या दिवशीचे वरण चुलीवर दुसऱ्या भांड्यात झाले, तरी सगळ्यांनी ते जरा संशयानेच खाल्ले.

भाऊंना मात्र त्या काळात एकच ध्यास होता: याहून जाड तारा कुठे मिळतील? नागपूरला जाणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत. रोहणेवाले चेष्टा करीत, "भाऊ, बैल बांधाचा हाय का?" भाऊ हसण्यावारी नेत.

कारण त्यांनी मला सांगितले ते एका संध्याकाळी, आमच्या स्वयंपाकघरात, भिंतीपाशी. वहिनी बाजारात गेल्या होत्या. "ताई, तिचा आवाज खाली उतरून राह्यला," ते म्हणाले. "वय हाय. काळी चारले गळा ताणते, मंग रातभर खोकलते." तरुणपणी वहिनींनी एका नावाजलेल्या गायिकेला वरच्या सुरावर फाटताना ऐकले होते, आणि मंडपातले हसूही ऐकले होते. तेव्हापासून त्यांचा निश्चय होता: काळी चार सुटली त्या दिवशी माईक खाली ठेवायचा. आणि भाऊंना ते सोसणारे नव्हते.

म्हणून त्यांनी सारा ऑर्केस्ट्राच हलकेच खाली उतरवला होता. कीबोर्डला एक बटण असते. ते दाबले की बोट काळी चारवरच राहते, आवाज मात्र खालच्या पट्टीचा येतो. बेसला असे बटण नसते. बोट दुसऱ्या घरात नेले असते तर वहिनींना ते तत्क्षणी दिसले असते. मग भाऊंनी तारा सैल केल्या. आधी अर्ध्या सुराने, पुढच्या वर्षी आणखी अर्ध्याने. काळी चार म्हणता म्हणता सगळे काळी तीनवर आले. सैल तारा लाकडावर खडखडतात, म्हणून जाड तारांचा शोध. वहिनींचा खोकला थांबला. त्या म्हणत, "पाहा, जेष्ठमधाचा गुण." आणि वादक मंडळी आपापल्या वाद्यांत तोंड खुपसून बसत.

"ताई, तुमी तिले सांगू नोका," ते म्हणाले. तळवा भिंतीवरच होता. पलीकडे काहीच वाजत नव्हते, तरी त्यांनी तो काढला नाही.

पुलगावच्या जयंतीच्या कार्यक्रमाला मी त्यांच्याबरोबर गेले होते. उन्हे कलली होती, मंडपावर निळ्या पताका, हवेत पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचा आणि मोगऱ्याचा एकत्र वास. भाऊ मंडपामागे पोहे खायला गेले. बेसवाल्यांमध्ये एक रिवाज आहे: आपल्या गावात दुसरा वादक आला की त्याचे वाद्य आपण सुरात लावून ठेवायचे, पाहुण्याच्या हातावर पाणी घालावे तसे. पुलगाववाल्यांनी मोठ्या मायेने भाऊंचा बेस मांडीवर घेतला. फोनवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहिले, तर चारही तारा सारख्याच उतरलेल्या. "अरे अरे, प्रवासानं उतरल्या बिचाऱ्या," असे म्हणत त्यांनी खुंट्या पिळल्या आणि प्रत्येक तार तिच्या मूळ जागी नेऊन ठेवली. ते ऑर्केस्ट्रात नव्हते. गुपित त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

वंदना झाली. पहिले गाणे सुरू झाले. भाऊंचे बोट नेहमीच्या घरात टेकले आणि मंडपात काहीतरी वाकडे झाले. दोन सूर एकमेकांवर घासले. माझे दात आंबल्यासारखे झाले. श्रोत्यांना कळले नसेल. भाऊंना तळव्यापर्यंत कळले. पुढच्या ठोक्याला वहिनींना 'सा' घ्यायचा होता. बोट तिथेच ठेवले तर चारचौघांत त्यांचा सूर फाटणार. हलवले तर त्या पाहणार. मी भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते डोळे मिटून घेतील असे मला वाटले. त्यांनी डोळे उघडे ठेवले, वहिनींकडेच पाहिले, आणि बोट दोन घरे मागे नेले.

वहिनींनी ते बोट पाहिले. मग मान वळवून कीबोर्डवरचे बोट पाहिले. ते काळी चारवरच होते. दोन बोटे दोन वेगळ्या सुरांवर, आवाज मात्र एकच. आणि त्या गायल्या. संपूर्ण गाणे, एक हरकतही न चुकता. त्या दिवशीचे त्यांचे गाणे मी विसरणार नाही. कोणीतरी घरातून निघताना दिवे एकेक करून मालवीत जावे, तसे ते होते.

 परतीच्या वाटेवर देवळीजवळ वहिनींनी गाडीच्या खिडकीबाहेर पाहतच विचारले, "साऱ्यायले मालूम होतं?"

"हो."

"मलेच काऊन नाई?"

"तू थांबली असती."

"थांबली असती तं थांबली असती. आवाज माहा हाय."

 नंतर कित्येक दिवस भिंत गार राहिली. गडव्यातले पाणी स्थिर, आरशासारखे. पलीकडे भांडी वाजत, नळ वाहे, पण दोघांपैकी कोणीच गुणगुणत नव्हते. एकदा मी पाहिले, भाऊ अंगणात पेरूच्या बुंध्यावर तळवा ठेवून उभे होते. मला पाहून म्हणाले, "काई नाई बोलून राह्यलं, ताई."

मग एका रविवारी पुलगाववाले आले. कोणीतरी त्यांना सारे सांगितले होते. हातात गोरसपाक बिस्किटांचा पुडा, चेहरा उतरलेला. "वहिनी, माह्यामुळं झालं," एवढेच ते दारात म्हणाले. वहिनींनी पुडा घेतला, चहा ठेवला, आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन पेटी ओढून घेतली.

"काळी तीनबी मले जड जाते," त्या कोणाकडेही न पाहता म्हणाल्या. "दोन वर्षं मीच म्हनत होती, एवढी थकली काऊन मी? आता लपूनछपून नाई. अजून खाली घ्या." आणि त्यांचे बोट पांढरी तीनवर येऊन थांबले.

भाऊ हळूच म्हणाले, "एवढ्या सैल केल्या तं तारांचा नाडा होईन."

"मंग दावं लावा ढोराचं. रोहण्याहून आना."

रोहणेवाले खो खो हसले. पुलगाववाले मात्र हसले नाहीत. ते वहिनींच्या बोटाकडे पाहत होते. मग एकदम उठून उभे राहिले. "अगा भाऊ! पांढरी तीन म्हंजे आपली सगळ्यात जाड तार! मोकळी! उतरवाचं कामच नाई, बोटबी नाई लागत! मी लावून ठेवलती थेच बराबर!"

खरेच होते ते. बेसची सगळ्यांत खालची तार, कोणी न दाबता, जशी आहे तशी छेडली की जो सूर देते, त्यापाशी वहिनींचा आवाज आपल्या पावलांनी उतरत उतरत आला होता. भाऊंनी ती तार छेडली. डावा हात त्यांनी बाजूला मांडीवर ठेवला. वहिनींना पाहण्यासाठी आता बोट नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि 'सा' लावला. काच नव्हती त्या आवाजात. जुन्या लाकडाला आतून येते तशी ऊब होती, आणि तिला कुठेही ताण नव्हता. पेरूवरचे पोपट उडाले नाहीत. चहा उतू गेला. उठले कोणीच नाही.

त्यानंतर त्या दोघांनी पुष्कळ कार्यक्रम केले, सगळे पांढरी तीनमध्ये.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. दुपारच्या झोपेतच, एक हात खाटेच्या लाकडावर ठेवलेला. बेस समोरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, खिळ्याला टांगला आहे. तो आता कोणी वाजवत नाही. पण रविवारी कधी रोहणेवाले, कधी पुलगाववाले येतात, चहा होण्याआधी तो उतरवून घेतात, थंडीने किंवा उन्हाने हललेल्या तारा सुरात लावतात आणि पुन्हा भिंतीला टांगतात. गप्पा तारांच्याच होतात. मध्येच एखादा म्हणतो, "भाऊ म्हनले असते..." आणि दुसरा दारातून पेरूच्या झाडाकडे पाहतो.

परवा सकाळी वहिनींनी मला भिंतीवर थाप देऊन बोलावले. मी गेले तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. "थ्या बेसपाशी उभ्या राहा," त्या म्हणाल्या. "कान नोका लावू. हात ठेवा."

मी तळवा लाकडावर ठेवला. ते गार होते, गुळगुळीत, भाऊंचा हात टेकत असे त्या कडेला थोडे झिजलेले. मागे वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी 'सा' लावला. कोणीही छेडलेली नसताना सगळ्यांत जाड तार माझ्या तळव्याखाली हलकेच थरथरू लागली.