तेरावी गाठ

बद्रीनाथ अकोल्याकडचा गडी. बावीस वर्षं त्यानं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधल्या. एका दुपारी गोदाम पेटलं आणि त्यात त्याचा मावसभाऊ संतोष गेला. मग बायकोला घेऊन तो पुण्याला आला नि नारायण पेठेत एका इमारतीचा वॉचमन झाला. कापसापासून लांब आलो, एवढंच त्याला सुख.

पण भ्या कुत्र्यागत वास काढत मागं येतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या श्यामसुंदररावांनी एका खोलीत खेळण्यातली रेल्वे मांडली होती. थर्माकोलचे डोंगर, बोगदा, नखाएवढी माणसं, रुळाकाठी जिनिंगचा कारखाना. पार्सल द्यायला गेलेला बद्रीनाथ म्हणाला, "हे जिनिंग नोहे साहेब. सरकी कुठं हाये? कचरा कुठं हाये? हे तं मंगल कार्यालय वाटते."

"मग तुम्ही करून दाखवा. नावं ठेवणारे इमारतीत पुष्कळ आहेत."

त्यानं करून दाखवलं. खसखशीची सरकी, चहापत्तीचा कचरा. आग विझवायच्या बादल्या म्हणून पेनाची टोपणं, त्यांत चिमूट चिमूट वाळू. कामगारांच्या काडेपेट्या काढून घ्यायला फाटकाशी पेटी. आणि हौसेच्या भरात वातींचा कापूस दाबून, तारेनं आवळून तेरा गाठी. खरा कापूस! ज्याला भिऊन मुलूख सोडला, तो गड्यानं आपल्याच हातानं घरात आणला.

शनिवारी संध्याकाळी इमारतीतली पोरं रेल्वे बघायला यायची होती. सकाळी श्यामसुंदररावांनी धूर सोडणारं नवं इंजिन काढलं.

"ह्याच्या पोटात काय हाये?" बद्रीनाथनं विचारलं.

"तेल, आणि तापणारी तार."

"गाठी काढू द्या साहेब."

"अहो, खेळणं आहे. अग्निशमन दलाला बोलावू का?"

वळणावर इंजिन घसरलं नि गाठींवर आडवं झालं. रावांनी लगेच उचललं. डाग नाही, वास नाही. इंजिन खोक्यात घालून, खोलीला कुलूप लावून ते जेवायला गेले.

जिन्याखालच्या खोलीत बद्रीनाथचा घास तोंडातच फिरत राहिला.

"काहून जेवत नाही?" दुर्गाबाई म्हणाली.

"कापसाची आग वरतून दिसत नाही. आतमंदी झोपून राह्यते."

"मंग इथं काहून बसले? त्या दिवशीबी बसूनच होते."

ताटावरनं तो उठला. गोदाम पेटलं त्या दिवशी एका गाठीच्या पोटात ठिणगी असल्याचा त्याला संशय आला होता. मुकादम शिव्या घालील म्हणून तो गप राहिला. हे दुर्गाबाई सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानं वर जाऊन बेल दाबली. "किल्ली द्या साहेब."

"आमटी गार होतेय, बद्रीनाथ."

"होऊ द्या. किल्ली द्या."

आजवर तो असा बोलला नव्हता. रावांनी किल्ली दिली नि मागोमाग आले. बद्रीनाथनं गाठी टोपलीत भरल्या, गच्चीवर नेल्या, बादली भरून शेजारी ठेवली नि एकेक गाठ फाडायला घेतली. पहिली पांढरी. दुसरी पांढरी. तिसरीची तार सुटेना, ती त्यानं दातानं ओढली. बाराही पांढऱ्याशुभ्र निघाल्या.

"झालं समाधान?" राव म्हणाले. "आता संध्याकाळी पोरांना पिंजलेला कापूस दाखवू."

बद्रीनाथनं टोपली उपडी केली. "तेरावी कुठं हाये?"

"ती होय? इंजिनाखालची. मघाशी कुलूप लावायच्या आधी मालडब्यात ठेवली, छान दिसत होती. डबा बोगद्यात..."

पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. बादली घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरला. खोलीत इंजिन खोक्यात बंद, गाड्या सगळ्या उभ्या. आणि बोगद्याच्या तोंडातून पातळ धूर येत होता.

त्यानं कोपरापर्यंत हात घातला. थर्माकोल वितळून मनगटाला चिकटलं. डबा ओढून त्यानं बादलीत बुडवला, तेव्हा चर्र आवाज झाला. खाली दुर्गाबाईलाही तो ऐकू गेला असेल, असं त्याला वाटलं.

राव भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "पोरांना आज नको म्हणून सांगतो."

"उद्याबी नको," बद्रीनाथ म्हणाला. "तीन दिवस नको. झोपलेली आग तिसऱ्या दिवशीबी उठते." भाजलेला हात तसाच धरून तो दारात खुर्ची टाकून बसला, बोगद्याकडे बघत.