शेजारच्या टेबलावरची मावशी

जळक्या कॉफीचा वास आला की मला लोअर परळमधलं ते कॉफी शॉप आठवतं. मी लालबागजवळच्या एका साध्या कॉलेजातून बीकॉम केलं होतं आणि मला इन्व्हेस्टमेंट बँकेत शिरायचं होतं. पण कॉलेजचं नाव वाचूनच माझे अर्ज बाजूला पडत. मग मी अशा बँकांतल्या अनोळखी लोकांना थेट मेसेज पाठवू लागले. एकाच गृहस्थांचं उत्तर आलं, "शनिवारी कॉफीला भेटू." आईला लगेच संशय आला. "एवढा मोठा साहेब तुला कशाला भेटेल गं? काहीतरी काळंबेरं असणार." तिने करी रोडच्या मावशीला माझ्यासोबत धाडलं. मावशी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, अनोळखी असल्यासारखी शेजारच्या टेबलावर बसली. साहेबांनी माझा बायोडेटा नीट वाचला, कंपन्यांच्या ताळेबंदांवर खोदून खोदून प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मी तुझं नाव आत देतो." आता मलाही धास्ती वाटली. मी विचारलं, "सर, तुम्हाला यात काय मिळणार?" ते जरा ओशाळले. "तू लागलीस आणि टिकलीस, तर मला बोनस मिळतो. कंपनीची तशी स्कीमच आहे." तेवढ्यात मावशी वळून म्हणाली, "असं होय! मग द्या की नाव." ती नोकरी मला लागली. हल्ली तसल्याच कॉलेजांतली मुलं मला मेसेज करतात, आणि समोर येऊन बसली की खुर्चीच्या अगदी कडेला टेकतात. मी त्यांना बोनसचं आधीच सांगून टाकते, तेव्हा कुठे ती मागे रेलतात.