बाबांचं दीपगृह

गुडगावच्या तळ्याकाठच्या त्या दीपगृहाचा इतिहास जेमतेम नऊ वर्षांचा. तो बहुतेक सगळा मी डोळ्यांनी पाहिला, कारण त्यातली सात वर्षं ते माझ्या बाबांनी चालवलं.

बाबा वर्ध्याचे. सरकारी दीपगृह खात्यात लागले तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि मग कोकणकिनाऱ्यावर अठरा वर्षं दिवे सांभाळले. पुढे बढती मिळाली ती दिल्लीला, फायलींत. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शाळेत मुली विचारायच्या, "दिल्ली में समंदर कहाँ है यार? तेरे पापा करते क्या हैं?" मी विषय बदलायची.

नव्वदीच्या मध्यावर गुडगावच्या पलीकडे शेतांतून रोज नव्या वसाहती उगवत होत्या. एका रविवारी पेपरात पानभर जाहिरात आली: तळं, काठावर फ्लॅट आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं लाइटहाउस. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हरयाणात? चला, बघूनच येऊ."

बिल्डरची बस फुकट होती, वर समोसे. मोहरीच्या शेतांमध्ये खणलेलं गोल तळं बोअरच्या पाण्यानं भरलं होतं आणि काठावर ते चार मजली दीपगृह उभं होतं. आत सिमेंटच्या गोण्या, वर एक निळी ट्यूबलाइट.

बाबांनी टायवाल्या सेल्समनला विचारलं, "इसका ठेका क्या है?"

"ठेका? सर, दारू का ठेका तो हायवे पर है।"

आईला हसू आवरेना. बाबांनी मात्र शांतपणे समजावलं, की प्रत्येक दीपगृहाचा चमकायचा आपला एक ताल असतो, त्यावरून खलाशी ते ओळखतो. सेल्समन "बिल्कुल सर, बिल्कुल" म्हणत राहिला. मला वाटलं, आता बाबा चिडून परत निघणार. ते पुन्हा एकदा वर जाऊन आले आणि आईला म्हणाले, "जिना चांगला बांधलाय."

"जिन्यासाठी घर घ्यायचं?"

"क्वार्टर कधीतरी सोडायचंच आहे ना?"

फ्लॅट मिळायला दोन वर्षं लागली. आम्ही राहायला गेलो तोवर ट्यूबलाइट बंद पडली होती. बाबांनी वसाहतीच्या इलेक्ट्रिशियनला हाताशी धरून मोठा बल्ब आणि त्याभोवती मोटरवर फिरणारा, दोन फटी पाडलेला पत्र्याचा डबा बसवला. दोनदा चमक, मग पाच मोजेपर्यंत काळोख. ऑफिसातून आले की बाबा आधी तिथं चढायचे.

"ना जहाज, ना खलाशी," आई म्हणायची. "बदकांना वाट दाखवताय का?"

मग पहिली थंडी आली. एका संध्याकाळी आई आणि मी दिल्लीहून चार्टर्ड बसनं परतत होतो आणि धुकं असं दाटलं, की बसचे स्वतःचेच दिवे दिसेनात. रस्त्यावर खांब नव्हते. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. "मोड़ निकल गया क्या?" कुणालाच सांगता येईना. मागं एक बाळ रडायला लागलं. आईनं माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात डावीकडे, उंचावर, काहीतरी पिवळसर चमकलं. पुन्हा चमकलं. मी मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा दोनदा.

"भैया, उधर!" आई उभी राहून ओरडली. "वो मेरे मिस्टर हैं!"

अख्खी बस हसली. ड्रायव्हरनं दोन चमकांचा रोख धरून गाडी हळूहळू आत घेतली. त्या दिवसापासून वसाहतीत त्याला 'अंकल की बत्ती' म्हणू लागले आणि आईनं बदकांचा विषय सोडला.

पुढं रस्त्याला दिवे आले, मॉल आला, बोअर आटली. तळ्याच्या जागी पार्किंग करायचं आणि दीपगृह पाडायचं ठरलं. मीटिंगमध्ये बाबांनीही हात वर केला. "पाणीच नाही, तर दिवा कशाला?" एवढंच बोलले. घरी येऊन बराच वेळ पेपर वाचत बसले, पान न उलटता.

पाडायच्या दिवशी ते समोर नसावेत म्हणून आईनं सकाळीच बेत काढला. "चादरी घ्यायच्यात. पानिपतला जाऊ."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आजच्या दिवशी? पानिपतला?"

आईच्या लक्षात आलं आणि ती जीभ चावून हसायला लागली. मग बाबाही हसले, खूप दिवसांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पानिपतात आम्ही सहा चादरी आणि एक जाडजूड रजई घेतली. येताना बसमध्ये बाबा त्या रजईवर डोकं टेकून गाढ झोपले.