आवरलेली जागा

"या की म्याडम, बघा जागा कशी चकाचक केलीया!" सलीमभाई म्हणाले, आणि मी त्यांनी पाठवलेला जागेचा फोटो फोनवर उघडला.

सलीमभाईंचं कोल्हापुरात शिलाईचं दुकान. गडमुडशिंगीच्या वाटेवर त्यांनी घरासाठी प्लॉट घेतला होता. तिथं पूर्वी प्लेटिंगची शेड होती, म्हणजे लोखंडावर क्रोमचा मुलामा चढवायचं काम. एका कोपऱ्यातली माती पिवळी पडलेली, म्हणजे तिथं विषारी क्रोमियम मुरलेलं. घरामागं भाजी लावायची, म्हणून त्यांनी आमच्या लॅबला तपासणीसाठी बोलावलं. मी तिथली केमिस्ट.

फोटोत पाहिलेला तो कोपरा मला कुठंच दिसेना.

"पिवळी माती कुठाय?"

"जेसीबी लावून समदं लेव्हल केलं की. तुमी येणार, आन जागा तशीच गचाळ ठेवायची व्हय?"

काय बोलणार! माझा मान ठेवायला त्या भल्या माणसानं विष प्लॉटभर पसरलं होतं.

सॅम्पलिंग म्हणजे मूठभर मातीवरून सगळ्या जागेचा अंदाज. दूषित माती एका जागी असली, तर तिच्या कडा शोधून तेवढीच उचलता येते. आता कडाच उरल्या नव्हत्या. मी चौकोन आखून सगळीकडे खड्डे घेतले. एका खड्ड्यातली माती स्वच्छ निघाली, हातभर अंतरावरच्या खड्ड्यात क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी वर. पुन्हा सॅम्पल घेतले, पुन्हा तेच.

"अ‍ॅव्हरेज काढा. पास होतंय," आमचे साहेब म्हणाले.

"सर, वांगी अ‍ॅव्हरेजमध्ये उगवत नाहीत. जिथं लावतील तिथलंच पोटात जाईल."

साहेब वैतागले, पण सही केली. रिपोर्टमध्ये लिहिलं: जागा सुरक्षित आहे असं सांगता येत नाही.

"म्हंजे खराब हाय?" सलीमभाईंनी विचारलं.

"काही ठिकाणी आहे. नेमकं कुठं, ते सांगता येत नाही."

"आन कोपरा तसाच असता तर?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "तेवढाच काढला असता. घर बांधता आलं असतं."

"घरवालीनं वांग्याची रोपं आणून ठेवल्याती. तिला काय सांगू?" ते म्हणाले.

सगळ्या प्लॉटची माती काढणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि ती न काढता पाया खणला तर तीच विषारी धूळ घरात आली असती. प्लॉट अजून तसाच पडून आहे, सपाट आणि नीटनेटका.

आता मी फोनवरच बजावते, मी येईपर्यंत जागेला हात लावू नका, झाडूसुद्धा मारू नका. लोकांना ते उद्धट वाटतं. वाटू दे.