खालचे दोन ड्रॉवर

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, हातात लिलावाला आलेला एक बोहेमियन पेला होता. जाड बुडाचा, मधाच्या रंगाच्या काचेचा, दोनशे वर्षांपूर्वीचा. शैलाकाकू एवढंच म्हणाल्या, "मंजू, हे गेले गं... सकाळी चहा प्यायले आणि गेले." मी आधी पेला नीट फोमच्या खाचेत ठेवला आणि मग खाली बसले. आज सहा आठवडे झाले, तरी तो क्रम मनातून जात नाही. आधी पेला, मग काका.

काका माझे नात्याने कुणी नव्हते. बाबांचे सांगलीच्या शाळेतले मित्र. कलेचा इतिहास शिकायला मी पुण्याहून लंडनला आले, तेव्हा पहिली दोन वर्षं हाउन्सलोला त्यांच्याच घरी, वरच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये राहिले. काका विमानतळावर सामान चढवायचं-उतरवायचं काम करायचे. त्यांचे वडील सुतार, त्यामुळे रंधा आणि पॉलिश लहानपणापासून हातातलं. शिफ्ट संपली की ते मागच्या बागेतल्या शेडमध्ये जायचे. लोकांनी टाकून दिलेल्या खुर्च्या, कपाटं आणून दुरुस्त करायचे. त्यांचा खरा जीव मात्र बीडरमायर, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या साध्या जर्मन-ऑस्ट्रियन घडणीच्या फर्निचरवर. "राजवाड्यातल्या फर्निचरला कोरीवकाम असतं, सोनं असतं," ते म्हणायचे. "हे मास्तर, कारकून, डॉक्टर असल्या माणसांच्या घरातलं. व्हिएन्नातले असले म्हणून काय झालं, आपल्यासारखेच! चेरीचं लाकूड घेतलं, त्याच्या रेषा दिसतील असं कापलं, पॉलिश केलं, झालं." हे सारं ते लायब्ररीतली पुस्तकं वाचून शिकले होते. त्यांच्याकडे त्यातली एकच खुर्ची होती, तीही मागचा पाय बदललेली. तिच्यावर ते कुणाला बसू देत नसत. मला मात्र अभ्यासाला दिली होती.

विद्यापीठात मी शैली आणि साल ओळखायला शिकले. लाकूड ओळखायला शिकवलं काकांनी. "डोळे मिट. आता ड्रॉवरच्या खालून हात फिरव. काय लागतं?" हाताने रंधा मारलेल्या फळीवर बोटांना बारीक चढउतार लागतात, यंत्राची फळी सपाट लागते. मग ड्रॉवरमध्ये नाक घालून वास घ्यायचा. पुढे जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका ऑक्शन हाउसच्या इंटरव्ह्यूला माझ्यापुढे एक टेबल ठेवलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्याचा ड्रॉवर काढून उलटा केला. समोरच्या बाई खूश झाल्या. हे कुठे शिकलीस, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "युनिव्हर्सिटीत." संध्याकाळी नोकरी मिळाल्याचं सांगितलं तेव्हा काकांनी गल्लीतल्या चार घरांत पेढे वाटले.

नोकरीला चार महिने झाले होते. विक्रीसाठी एक बीडरमायर लिहिण्याचं कपाट आलं. पुढची फळी खाली पाडली की तिचंच टेबल व्हायचं. कॅटलॉगमधलं वर्णन माझं. लिलावाआधी वस्तू कुणालाही येऊन बघता येतात; मी उत्साहाने काकांना फोन केला आणि बोलून गेले, "व्ह्यूइंगला या ना बघायला."

ते आले. सकाळची शिफ्ट संपवून थेट, अंगात साधा फ्लीसचा स्वेटर, खांद्याला पिशवी, विमानतळाचं चमकतं पिवळं जॅकेट काखेत. दालनात उंची कोट घातलेले लोक हळू आवाजात बोलत होते. मी एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. काकांनी मला पाहून हात उंचावला. मी न पाहिल्यासारखं केलं. मग ते कपाटापुढे गुडघे टेकून बसले, एकेक ड्रॉवर ओढून खालून हात फिरवू लागले आणि शेवटी त्यांनी आत नाक घातलं. कुणीतरी हसलं. माझा वरिष्ठ सहकारी धावत गेला. "सर, प्लीज, आम्ही उघडून दाखवतो." काकांनी हसून माझ्याकडे बोट केलं. सहकाऱ्याने वळून मला विचारलं, या गृहस्थांना तू ओळखतेस का?

मी "नो" म्हणाले.

मी प्रोबेशनवर होते, माझा व्हिसा त्या नोकरीवर होता, ही कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळदा ऐकवली. पण काकांना ओळखते म्हटल्याने कुणाचा व्हिसा जात नाही. त्या लोकांत मला त्यांच्यासारखी दिसायचं नव्हतं, एवढंच खरं.

काका उठले. गुडघे झटकले. माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "सॉरी, मॅडम." दाराकडे जाताना माझ्या जवळून गेले तेव्हा न थांबता, मराठीत, हळूच म्हणाले, "खालचे दोन ड्रॉवर बघून घे."

लोक गेल्यावर मी बघितले. वरचे हाताचे, खालचे दोन यंत्राचे. खूप नंतर कुणीतरी बसवलेले. मी वरिष्ठांना सांगितलं, विक्रीआधी वर्णन दुरुस्त झालं. माझ्या नजरेचं कौतुक झालं. ते मी गप्प बसून घेतलं.

रविवारी नेहमीसारखी हाउन्सलोला जेवायला गेले. काकांनी ताटावर बसल्यावर विचारलं, "ड्रॉवरचं काय झालं?" मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." "वाटलंच मला," म्हणाले आणि भात वाढून घेतला. त्यानंतर सात वर्षं हा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. माफी मागायची म्हणून कितीदा तरी गेले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. मग माझं जाणंच कमी झालं.

गेल्या शनिवारी शेड आवरायला गेले होते. काकू दारात स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "हे तुझ्या ऑफिसातून आले होते ना, त्या दिवशी काय खुशीत होते! तू म्हणे सगळीकडे फिरवलंस, साहेबांशी ओळख करून दिलीस. भरली वांगी दिली होती मी, दोघांना पुरेल एवढी. डबा चाटूनपुसून रिकामा. मंजूला फार आवडली, म्हणाले."

डब्याचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हातातला रंधा खाली ठेवला आणि काकूंना सगळं सांगितलं. त्यांच्याकडे न बघता.

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "पण डबा तर दोघांचा होता... मग त्यांनी तो कुठे बसून खाल्ला गं?"

मला माहीत नाही. ते बाहेर पडल्यावर कुठल्या बाजूला वळले, एवढंसुद्धा मी बघितलं नव्हतं.