गुरुजींच्या दारावरून सायकल

नगरला जामखेड रस्त्याच्या कडेला आमची वस्ती. तिथं यशया भिंगारदिवे गुरुजींच्या दारावरून सायकलवर बसून जायची कुणाची छाती नव्हती. गल्लीच्या तोंडाशी उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं, दारापाशी आलं की ‘सलाम गुरुजी’ म्हणायचं आणि चार घरं सोडून पुन्हा टांग मारायची. हिंदू असो की ख्रिस्ती, वस्तीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं. नुसत्या सलामावर सुटका झाली तर नशीब म्हणायचं. नाहीतर गुरुजी हँडल धरून विचारायचे, “एकोणतीस सक किती?” मी तेव्हा तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, कारखान्यात लेथवर काम करणारा. तरी मला घाम फुटायचा.

म्हणून आम्ही सगळे आडाच्या गल्लीनं जायचो. ती गल्ली अरुंद आणि वाकडी. त्यात बहात्तरचा दुष्काळ, आडावर पहाटेपासून हंड्यांची रांग. सायकल हंड्याला लागायची, बायका सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, पण तिथं पाढे कुणी विचारत नव्हतं. गुरुजींची गल्ली रुंद, सरळ आणि मोकळी पडलेली. लोक त्याला गुरुजींचा दरारा म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि आता त्याची लाज वाटते.

गुरुजींच्या पत्नी मरियाबाई होत्या तोवर त्या घरात चहाचं आधण उतरत नव्हतं. त्या जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दीना मिरजेला नर्स, तिचं महिन्याला एक पत्र यायचं. बाकी गुरुजी, दारातली लाकडी खुर्ची आणि समोरची भिंत.

त्या वर्षी धान्याचे आणि चाऱ्याचे ट्रक दिवसभर धावत. मोठ्या रस्त्यानं कामावर जायचं म्हणजे जीव मुठीत धरून. तेव्हा दुष्काळी कामातून वस्तीच्या आतून सायकलींपुरता मुरमाचा रस्ता करून मिळेल असं ठरलं. रस्ता एक आणि गल्ल्या दोन. कोणत्या गल्लीतून न्यायचा ते वस्तीनं ठरवायचं, म्हणून रविवारी शाळेच्या ओट्यावर बैठक होती.

शनिवारी संध्याकाळी गुरुजींनी मला बोलावून घेतलं. पाढा विचारला नाही, बसायला सांगितलं.

“गहिनीनाथ, उद्या तू बोल. रस्ता इकडून यावा.”

“इकडून? का, गुरुजी?” मी विचारलं.

“परवा दूधवाल्याला थांब म्हणायला गेलो तर आवाजच फुटेना. मला वाटलं घसा बसला. मग आठवलं, दोन दिवसांत कुणाशी बोललोच नव्हतो.” ते भिंतीकडे बघत होते. “लई एकटं वाटतं रे. माणसं जाता-येता दिसली तरी पुरे.”

गुरुजींच्या तोंडून ‘लई’ मी पहिल्यांदा ऐकलं. वर्गात त्या शब्दाला छडी होती. मी बोलतो म्हणून शब्द दिला.

बैठकीत सूर्यभान पंचांसारखा मधोमध बसला. वस्तीची कामं तोच बघायचा. तो म्हणाला, “आडाच्या गल्लीतून नेऊ. गुरुजींना या वयात घंट्यांचा तरास नको.”

“व्हय, दुपारची झोप मोडंल त्यांची,” त्याच्या शेजारी बसलेल्या छगननं री ओढली. मग कुणी म्हणालं त्या गल्लीत गटार फुटतं, कुणी म्हणालं कुत्री लई हायेत. खरं कारण कुणी काढेना. गुरुजी कडेला ताठ बसून ऐकत होते.

आता मी बोलायचं होतं. पण मनात हिशेब चालला होता, की रोज जाताना उतरायचं, येताना उतरायचं आणि मधे एकोणतीस सक. मी खाली बघून चपलेचा अंगठा चाचपत बसलो.

मागून रंगुबाई उठली. “आडावर आमी हंडे सांभाळायचे का तुमची चाकं? तिकडं येवढी मोकळी गल्ली हाय, ती काय पुजायला ठेवलीय?”

तेव्हा गुरुजी उभे राहिले.

“माझ्या दारात उतरावं लागतं, म्हणून नको म्हणता ना?”

सूर्यभान ओट्यावरची माती नखानं खरवडू लागला.

“आजपासून कुणी उतरू नका. सलाम नको, काही नको. बसूनच जा. मी शब्द देतो, कुणाला अडवणार नाही.”

रस्ता त्यांच्या गल्लीतून ठरला. निघताना गुरुजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला ते मारण्यापेक्षा जास्त लागलं.

महिनाभरात मुरूम पडला, रोलर फिरला. पहिल्या सकाळी गुरुजी इस्त्रीचा कोट घालून खुर्चीत बसले होते. सवयीनं आम्ही ब्रेक दाबले, एक-दोघांनी पाय टेकलेही. गुरुजी हात हलवून म्हणाले, “बस, बस. जा.” त्यांचा चेहरा इतका खुलला होता की माझ्या मनावरचं ओझं उतरलं. वाटलं, झालं ते बरंच झालं.

आठवडाभरात पाय टेकायचं सगळ्यांनी सोडलं. रस्ता गुळगुळीत, कारखान्याचा भोंगा डोक्यावर, कोण थांबतंय? सकाळी पन्नासएक सायकली जायच्या. गुरुजी सलामाला हात उचलायचे, तोवर माणूस कोपऱ्यावर पोचलेला असायचा. पूर्वी दोन-चार दिवसांतून एखादा चुकार तरी त्या गल्लीत सापडायचा, उतरायचा, सलाम करायचा, पाढा चुकायचा. आता पन्नास जात होते आणि बोलत एकही नव्हता. आणि अडवणार नाही हा शब्द तर चारचौघांत दिलेला. यशया गुरुजी शब्द फिरवणाऱ्यातले नव्हते.

पावसाळा कोरडाच सरत आला होता. एका सकाळी नेमकी त्यांच्या दारासमोर माझी चेन पडली. मी उतरलो, तसे गुरुजी खुर्चीतून जवळजवळ पळत आले. आत जाऊन फडकं आणलं, तांब्यातून पाणी आणलं, मागून कॅरियर घट्ट धरून उभे राहिले.

“मोठं काही मोडलंय का? वेळ लागेल ना?” त्यांनी विचारलं. “चहा टाकतो. माझा व्हायचाच आहे.”

पण माझा हात कारखान्यातला. दोन बोटांनी चेन दात्यांवर बसवली, पायडल उलटं फिरवलं. भोंग्याला दहा मिनिटं होती.

“झालं, गुरुजी.”

त्यांनी कॅरियर सोडलं नाही.

“एवढ्यात झालं?” ते म्हणाले.