हाशिरची धुरी

साबिराला कुणी भित्री म्हटलं असतं तर तिने म्हणणाऱ्याची तिथल्या तिथे खरडपट्टी काढली असती. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची पोर ती. लग्न होऊन थेट सौदीतल्या हाइल शहरात आली. अरबीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी भाजीवाल्याशी हुज्जत घालून कोथिंबिरीची जुडी फुकट आणायला शिकली. नवरा नसरुद्दीन शहराबाहेरच्या शेतांवर पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, पहाटे जायचा तो धुळीने माखून संध्याकाळी यायचा. दिवसभर बाई एकटी. पण कधी कुरकुर नाही, रडारड नाही. असली खमकी बाई, पण मूल झालं आणि तिचा सगळा दम निघून गेला.

कारण हाशिर आजारी पडायचा. पोरं आजारी पडतातच हो, त्यात काय नवल. पण हा बरा कमी आणि आजारी जास्त. छातीत घरघर, खोकून खोकून ओकारी, मग ताप. पॉलिक्लिनिकमध्ये नेलं की वाफ देत, सिरप देत आणि व्हायरल आहे म्हणून सांगत. व्हायरल म्हणजे डॉक्टरलाही काही कळलेलं नाही, असं साबिराने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. क्लिनिकला नेताना ती पोराला गरम पाण्याने पुसून, धुतलेले कपडे घालून न्यायची. चार लोकांत पोर घाणेरडं दिसू नये, एवढंच तिच्या मनात.

त्यांच्या वरच्या मजल्यावर नूरुन्निसा राहायची. श्रीवर्धनची. अख्ख्या इमारतीत कोकणातली अशी ही दोनच घरं. बाकी सगळे मिसरी, सुदानी, पाकिस्तानी. नूरुन्निसाचा नवरा दाऊदभाई गाडीच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान सांभाळायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. साबिराच्या आईला व्हिसा मिळाला नाही तेव्हा तिचं बाळंतपण या नूरआपाने केलं. मेथीचे लाडू तिने केले, शेक तिने दिला, हाशिरला पायावर घेऊन पहिली आंघोळ तिने घातली. पोर रडलं की ही वरून धावत यायची, पायात चप्पल आहे की नाही याचंही भान नसायचं. आईने काय वेगळं केलं असतं?

आणि अशा बाईवर साबिराने संशय घेतला.

सुरुवात सासूने केली, हे खरं. तेव्हा हाशिरला नुसती सर्दी झाली होती. रोज इमोवर व्हिडिओ कॉल लागायचा. सासू स्क्रीनवर पोराला बघायची आणि विचारायची, "ती वरची येते काय गो अजून?"

"येते ना. रोज येते."

"हां. मग पोर कसं बरं राहील? जिची कूस उजवली नाही, तिचा जीव दुसऱ्याच्या पोरात अडकतो. नजर लागते बाय. ती मुद्दाम लावते असं मी म्हणत नाही. पण लागते."

पहिल्यांदा साबिरा हसली. दुसऱ्यांदा गप्प बसली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "मग काय करू?"

सासूने उपाय सांगितला. ती बाई गेली की लगेच पोराला धुरी द्यायची. लोबान टाकायचा, वर सुक्या मिरच्या आणि मीठ. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर नजर घरातच राहते. हाइलमध्ये बखूरला काय तोटा? कोपऱ्यावरच्या येमेनी दुकानात सुगंधी लाकडाचे तुकडे डबे भरभरून मिळायचे. साबिराने तेही आणले. लोबानाबरोबर बखूर, बखूरबरोबर मिरच्या. हाइलचा हिवाळा म्हणजे हाडं गोठवणारा, खिडक्यांच्या फटीत तर टॉवेल कोंबलेलेच असायचे. त्या एवढ्याशा खोलीत पोराला मांडीवर घेऊन ती धुरापुढे बसायची. पोर खोकायचं, डोळे लाल व्हायचे.

"खोकतोय खूप," ती फोनवर सांगायची.

"खोकू दे. नजर निघते आहे," सासू म्हणायची.

आता खरं सांगायचं तर साबिराने डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. तिने नीट लक्ष ठेवलं. नूरआपा माहेरच्या लग्नासाठी गावी गेली होती, तेव्हा पोर कसं खणखणीत होतं. ती परत आली, पोराला उचललं, मुके घेतले, आणि त्याच संध्याकाळी छाती वाजायला लागली. पुन्हा आली, पुन्हा तेच. दाऊदभाई तापाने पडले म्हणून आपा काही दिवस खाली फिरकली नाही, तर हाशिर खेळतोय, रांगतोय, डाळभात खातोय. मग आता सांगा, याला काय म्हणायचं? तिने नसरुद्दीनला सांगितलं. तो म्हणाला, "अगो, येडी झालीस काय?" आणि कूस बदलून झोपला. त्याच्या डोक्यात वेगळेच भुंगे होते. कंपनीत रोज कुणाला ना कुणाला काढत होते, सौदी माणसं भरायचा हुकूम होता, आपली पाळी कधी येते याचा घोर त्याला लागला होता. बायकोला नीट समजावण्याएवढा जीव त्याच्यात उरला नव्हता.

मग एका जुम्म्याला नूरआपा वाडग्यात मऊ खिमट घेऊन आली. साबिराने पटकन ओढणी हाशिरच्या तोंडावर ओढली.

"झोपला काय गो?" आपाने हळू आवाजात विचारलं.

झोपतोय कसला! त्याने ओढणी खेचली आणि आपाला बघून हात पसरले. आपा पुढे वाकली. साबिरा झटकन मागे सरकली.

"आपा, रागवू नका," ती म्हणाली. "तुम्ही येऊन गेलात की हा आजारी पडतो. दर वेळी. मी बघितलंय. थोडे दिवस तुम्ही याच्यावर नजर नका टाकू."

नूरआपा हातातलं वाडगं तसंच धरून उभी राहिली. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला.

"मी माशाअल्ला म्हणते गो, नजर लागू नये म्हणून," ती म्हणाली. "उचलायच्या आधी म्हणते. घरी गेल्यावर पण म्हणते."

साबिराने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. आपाने वाडगं ओट्यावर ठेवलं आणि दार अगदी हलकेच ओढून घेऊन निघून गेली. आणि साबिराने काय केलं? धुरी पेटवली! खिमट बेसिनमध्ये ओतलं आणि दुप्पट मिरच्या टाकून धुरी पेटवली.

सासूने शाबासकी दिली. आता काही दिवस रोज धुरी दे म्हणाली, घरात मुरलेली नजर निघून जाऊ दे. झालं. रोज सकाळ-संध्याकाळ धूर. आता नूरआपा येत नव्हती, तरी पोराचं दुखणं वाढतच चाललं. कुणालाही इथे शंका आली असती. साबिराला नाही आली. वर पावलं वाजली की ती छताकडे बघायची आणि तिला वाटायचं, मनाने अजून इथेच घोटाळते आहे ही बाई. काय म्हणावं या अकलेला!

आणि मग एका दुपारी हाशिरचा श्वास अडकला. बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ निळसर झाले, रडायला आवाज फुटेना. नसरुद्दीन शेतावर होता, त्याचा फोन लागेना. साबिरा पोराला आहे तशा कपड्यांत उचलून धावत सुटली, आणि पाय खाली रस्त्याकडे न जाता वर गेले. तिने नूरआपाचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

दार जरासं उघडलं. आपाने पोराचा तो आवाज ऐकला मात्र, ती आत तोंड करून ओरडली, "अहो, गाडी काढा! हाशिर!" दुपारचं दुकान बंद करून घरी आलेले दाऊदभाई बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले. आपा मात्र दाराआडून बाहेर आली नाही. गाडीत बसल्यावर साबिराच्या मनात काय आलं असेल? की बरं झालं, ती पुढे आली नाही. पोर मांडीवर तडफडतंय, त्याच बाईचा नवरा लाल सिग्नल तोडत गाडी हाकतोय, आणि हिच्या मनात हे. पुढे साबिराला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या एका विचाराची.

हॉस्पिटलात हैदराबादची एक डॉक्टरीण होती. तिने ऑक्सिजन लावला, सुई दिली. श्वास जरा खाली आल्यावर छाती तपासायला म्हणून स्वेटर वर केला आणि नाक त्याच्याजवळ नेलं.

"घर में बखूर जलाते हो?"

"जी. लोबान भी. नजर के लिए."

"कब?"

"ऊपरवाली आपा आकर जाती हैं, उसके बाद. अब तो रोज."

"और ये बीमार कब पड़ता है?"

साबिराने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती येऊन गेली की. ती येऊन गेली की धुरी, आणि धुरीनंतर दुखणं. माहेरच्या लग्नाला गेली तेव्हा धुरी नव्हती. दाऊदभाई तापाने पडले तेव्हा धुरी नव्हती. एवढं डोळ्यांपुढे असून तिला दिसलं नव्हतं. डॉक्टरीण पुढे बरंच काही सांगत होती, नाजूक फुप्फुसं, दमा, बंद खोली. साबिराला त्यातलं अर्धंही ऐकू आलं नाही. पोराला नजर लागली नव्हती. पोराला आईनेच धूर पाजला होता.

बाहेर बाकावर दाऊदभाई हाशिरची टोपी मुठीत धरून बसले होते. "कसा आहे?" त्यांनी उठून विचारलं. "बरा आहे," ती म्हणाली. आणि त्यांच्याकडे न बघताच परत आत गेली.

घरी आल्या आल्या तिने लोबान, बखूर, धुपाटणं सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. हाशिर सुधारला. गालावर मांस आलं, भिंतीला धरून उभा राहू लागला. सासू म्हणाली, "बघ, ती यायची बंद झाली आणि पोर बरं झालं." साबिराने आयुष्यात पहिल्यांदा सासू बोलत असताना फोन बंद केला.

पण वर जाऊन माफी मागणं? ते काही तिच्याने होईना. आज जाऊ, उद्या जाऊ. माफी मागायची म्हणजे आपण काय बोललो ते पुन्हा आपल्याच तोंडाने बोलायचं. तिने नसरुद्दीनच्या हाती संत्री पाठवली, दाऊदभाईंचे आभार मानायला म्हणून. जिन्यात आपाची चाहूल लागली की ती पोराला घेऊन दाराच्या आत थांबायची. आधी संशयाने थांबायची, आता शरमेने. वरच्या बाईला त्यातला फरक कसा कळणार?

मग नसरुद्दीन एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "दाऊदभाईंचं खलास. स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत पण आता सौदी माणसंच बसवायची म्हणे. त्यांचा मालक, तो सौदी कफील, म्हणाला, माझ्या हातात काही नाही. फायनल एक्झिट लागला, आता कायमचं गावी. उद्या निघतायत."

साबिराने ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हाशिरला कडेवर घेऊन वर गेली. दार उघडंच होतं. फ्रिज गेला होता, गालिचा गेला होता, मधोमध दोरीने बांधलेली खोकी. नूरआपा भिंतीशी बसून कपडे घडी करत होती. पोराचा आवाज ऐकून तिने चटकन तोंड भिंतीकडे वळवलं.

"आपा," साबिरा म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. रडत रडत तिने सगळं सांगितलं. धुरी, मिरच्या, बंद खिडक्या, डॉक्टरीण. "माझ्या हाताने झालं सगळं. तुमचं काही नव्हतं, आपा. मला माफ करा."

"केलं गो. कधीच केलं," आपा भिंतीकडे बघूनच म्हणाली. "रडू नको. पोर घाबरेल."

"मग इकडे बघा ना. याला घ्या."

"नको बाय. बरा आहे ना आता? राहू दे तसाच."

"मी सांगते आहे ना तुम्हाला, धूर होता तो!"

"असेल," आपा म्हणाली. तिने एक कुर्ता घडी केला, मोडला, पुन्हा घडी केला. "तुझ्या सासूची बहीण आमच्याच मोहल्ल्यात दिली आहे ना? माझ्या धाकट्या जावेला मुलगा झालाय. काल तिचा फोन आला होता. भाबी, बाळाचा चाळिसावा दिवस होईपर्यंत तुम्ही भावाकडेच राहा म्हणाली. आपलंच घर ते. पण म्हणाली."

हाइलच्या एका खोलीत बोललेलं वाक्य या बाईच्या आधी गावी जाऊन पोहोचलं होतं. "मी फोन करते त्यांना," ती घाईघाईने म्हणाली. "आत्ता करते. डॉक्टरचं सांगते. सासूला सांगायला लावते."

"कुणाकुणाला करशील गो?" आपाने विचारलं. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर साबिराला सोसलं असतं.

हाशिर तेवढ्यात कडेवरून सुटायला धडपडू लागला. खाली उतरला, रांगत खोक्यांमधून गेला आणि आपाच्या पाठीला धरून उभा राहिला. तिच्या ओढणीत त्याने तोंड घातलं. आपाचे खांदे हलले. मग ती वळली. पण वळण्याआधी तिने डोळे घट्ट मिटून घेतले, आणि तशाच मिटल्या डोळ्यांनी चाचपत पोराला उचलून छातीशी धरलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कानांवरून, मानेवरून. बोटं गालांवर आली आणि थांबली.

"दात आले काय गो याला?" तिने विचारलं.

"बघा ना आपा," साबिरा म्हणाली. "एकदा डोळे उघडून बघा."

आपाने मान हलवली. "तू सांग ना," ती म्हणाली.

"आले," साबिराने सांगितलं. "खालचे दोन."